वळणात ब्रेक नाही

७ जानेवारी, रविवार

साडूने गाडी घेतली. फोनवर सांगितलं नाही, थेट जेवायलाच बोलावलं. म्हणजे गाडी फाटकात आडवी उभी असणार आणि आम्ही तिच्या बाजूने अंग चोरत आत शिरणार, असा बेत. लाल आहे. दोन दारांची. आत बसलं की गुडघे हनुवटीला लागतात. हा माणूस नळांचा घाऊक व्यापारी, पण बोलायला लागला की वाटावं, इंजिनाचा शोध यानेच लावला.

"मास्तर, मागच्या चाकांवर चालते हो ही," म्हणाला. मी ड्रायव्हिंग स्कूल चालवतो म्हणून मला मास्तर म्हणतो, आणि चिडवायलाच म्हणतो. "तुमच्या शिकवणीच्या डब्या पुढून ओढतात. ही मागून ढकलते. बसल्याशिवाय नाही कळायचं."

वीस वर्षं लोकांना गाडी शिकवतोय मी. अर्ध्या गावाच्या परवान्याला माझा घाम लागलेला आहे. आणि हा मला पुढची चाकं, मागची चाकं समजावतो. नाकाने कांदे सोलायला याच्याकडून शिकावं.

तेवढ्यावर भागलं असतं तरी मी गिळलं असतं. पण जेवण झाल्यावर तो माझ्या बायकोला म्हणाला, "चल, तुला एक चक्कर मारून आणतो." आणि ही चपला अडकवून निघालीसुद्धा. मी आणि मेहुणी फाटकात उभे राहिलो. मेहुणी म्हणजे हिची ताई. ती बिचारी जांभया देत होती. गाडी दोन गल्ल्या पलीकडे वळली आणि तिकडून हिचं हसणं ऐकू आलं. अठरा वर्षांच्या संसारात ते हसणं मी ऐकलेलं नव्हतं. नाही म्हणायला एकदा, मी शिडीवरून पडलो तेव्हा, पण ते वेगळं होतं.

घरी येताना मी मुकाट. ती मात्र सुटली होती. "अहो, खरंच मागून ढुशी दिल्यासारखं वाटतं. वासरू देतं ना, तशी."

"हो का."

"भावोजी म्हणाले, दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी गावाबाहेर, ती जुनी धावपट्टी आहे ना, तिथे ट्रॅक लावतात. फी भरायची, हेल्मेट घालायचं, आपली गाडी न्यायची आणि पळवायची."

"हो का," मी म्हणालो. पोटात नुसती आग पडली होती, आणि जेवण अगदी साधं होतं.

९ जानेवारी, मंगळवार

ठरलं. मीही घेणार, मागच्या चाकांवर चालणारी. नवी नाही, तेवढी ऐपत नाही. शिकवणीची नवी गाडी घ्यायला जे पैसे बाजूला टाकले होते, त्यातल्या निम्म्यात गाडी आणि निम्म्यात टायर, ब्रेक, तेलपाणी. गाडीवर सगळे उडवून टक्कल पडलेल्या टायरवर ट्रॅकवर जायचं, असलं शहाणपण साडूच्या घराण्यात असेल, आमच्या नाही.

गाडी कुठलीही असो, महत्त्वाचा असतो चालवणारा. आमच्या वर्गाच्या भिंतीवर मी मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलंय : 'वळणाआधी ब्रेक. वळणात ब्रेक नाही.' हे एक वाक्य ज्याच्या पायात उतरलं तो ड्रायव्हर झाला. साडूच्या ते डोक्यातही उतरलेलं नाही. वासरांत लंगडी गाय शहाणी, एवढीच त्याची कीर्ती.

हिला सांगितलं. वाटलं, पैशांवरून कटकट करेल. ती म्हणाली, "बघायला मीही येते." आश्चर्यच आहे. हिला गाडीची मुळात आवड नाही. लग्नानंतर मी स्वतः शिकवून परवाना काढून दिला, पण हौस कुठून आणून देणार? दोन-चारदा चालवली, मग म्हणाली, तुम्हीच चालवा. तेव्हापासून ती हॉस्पिटलात बसने जाते. एक्स-रे काढते तिथे. दिवसभर लोकांना 'श्वास घ्या, रोखून धरा, सोडा' सांगून घरी येते आणि मला काही सांगायला तिच्यात श्वास उरत नाही.

१३ जानेवारी, शनिवार

पहिली गाडी बघितली. दोनच सीटची, छत उघडणारी, एका गाण्याच्या मास्तरांची. पांढरे केस मानेवर रुळणारे, आवाज मधासारखा. माझ्याशी दोन वाक्यं बोलला आणि मग छत उघडायचं कसं, मिटायचं कसं, हे सगळं हिलाच दाखवत बसला. मी तोवर खिशातलं लोहचुंबक रुमालात गुंडाळून पत्र्यावरून फिरवलं. दारांखाली ते चिकटेचना, खाली पडलं. म्हणजे तिथे पत्रा नाही, नुसती लांबी भरून रंग मारलेला. अंगठा दाबला तर अंगठा आत गेला.

एवढ्यात बघतो तर ही ड्रायव्हरच्या सीटवर बसलेली. चुकून बसली असावी. मी म्हटलं, "अगं, तुझी बाजू इकडे." ती म्हणाली, "असू दे, जरा बसून बघते." आणि स्टेअरिंगवर हात ठेवून बराच वेळ समोर बघत राहिली. समोर भिंत होती.

"सामान कुठे ठेवणार हिच्यात?" मी विचारलं.

"आपण दोघंच तर आहोत," ती म्हणाली. मुलगी वसतिगृहात गेल्यापासून हे वाक्य घरात फार वेळा येतं.

गाडी नाही घेतली. पत्रा गंजलेला होता म्हणून. त्या मधाळ आवाजाचा काहीएक संबंध नाही.

१४ जानेवारी, रविवार

दुसरी गाडी एका जिमवाल्याची. दिसायला जबरदस्त, साडूच्या तोंडात मारील अशी. मागे डिकीवर पंख एवढा मोठा की त्यावर कपडे वाळत घालावेत. मला मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण सायलेन्सरच्या आवाजाने शेजारची कुत्री पळाली, स्प्रिंगा कापून गाडी जमिनीला टेकवलेली, आणि मागचे दोन टायर दोन घराण्यांतले. ही डिकीत डोकं घालून टॉर्च मारत होती. बाहेर आली आणि हळूच म्हणाली, "उजवीकडची पत्र्याची शिवण डावीकडच्यासारखी नाही. हाड मोडून वाकडं जुळलंय."

जिमवाल्याला विचारलं, "आपटली होती का?" तो म्हणाला, "थोडीशी उलटली होती."

थोडीशी उलटणं हा प्रकार मी वीस वर्षांत पहिल्यांदाच ऐकला.

२० जानेवारी, शनिवार

मिळाली. जनावरांचे एक डॉक्टर होते, ते गेले. त्यांच्या बाईंनी गाडी काढायची ठरवली. चार दारांची, मळकट पांढरी, खोक्यासारखी. इंजिन पुढे, दांडा मागच्या चाकांपर्यंत, हातगियर, वजनाला हलकी. असल्या गाडीकडे आता कोणी ढुंकून बघत नाही, म्हणून स्वस्त. टायर नेहमीच्या मापाचे, ब्रेकचं सामान कुठल्याही दुकानात मिळावं असं. लोहचुंबक सगळीकडे चिकटलं. तेलाच्या झाकणाखाली पांढरी साय नाही, म्हणजे इंजिनात पाणी शिरलेलं नाही. आत मात्र औषधाचा आणि गोठ्याचा वास भरलाय. बाई म्हणाल्या, मागच्या सीटवरून एकदा वासरू नेलं होतं.

ही खाली वाकून, अगदी जमिनीवर झोपून बघत होती. उठली, हात झटकले आणि म्हणाली, "हाडं चांगली आहेत हिची."

मी चालवून बघितली. मागचा दांडा किंचित गुणगुणतो, पण वयाच्या मानाने ठीक. उतरलो तर ही म्हणते, "मी चालवू?"

"अगं, अजून आपली नाही झाली गाडी."

तर त्या बाईच म्हणाल्या, "चालवू द्या की. ह्यांनी मला कधी दिली नाही, तेवढीच कोणी बाई बसली म्हणेन."

आवारात दोन फेऱ्या मारल्या हिने. मी बाजूला. बरी चालवते, पण गियर बदलताना वाट बघते. आणि मग क्लच एकदम सोडते की ढुशी बसते. खुशीत होती. गाडीचं नाव तिथल्या तिथे 'वासरू' ठेवलं. घरी आल्यावर माझी पोटरी भरून आली होती. जुन्या गाड्यांच्या सीटाच तशा.

२४ जानेवारी, बुधवार

वासरू गॅरेजात. नवे टायर, ब्रेकचे नवे पॅड, ब्रेकचं तेल नवं, इंजिनाचं नवं. मागची सीट काढून टाकली, वजन कमी. आणि बाजूच्या सीटसमोर दुसरा ब्रेक बसवून घेतला. शिकवणीच्या मोडीत काढलेल्या गाडीचा पडून होता.

गॅरेजवाला म्हणाला, "ट्रॅकच्या गाडीला दुसरा ब्रेक कशाला हो?"

"हिला कधी लहर आली चालवायची, तर असावा. सुरक्षितता." वीस वर्षांत माझ्या बाजूला बसलेल्या एकाही माणसाला खरचटलं नाही, ते या दुसऱ्या ब्रेकमुळे. आता तर तो माझ्या अंगातच मुरलाय. परवा बसमध्ये मी इतका पाय दाबत होतो की कंडक्टरने विचारलं, काका, पेटका आला का?

संध्याकाळी हिला दाखवायला नेलं. टायर बघून ती खूष झाली. मग वाकून आत बघितलं. दुसरा ब्रेक बघितला. "बरं," म्हणाली. एवढंच.

२८ जानेवारी, रविवार

काय लिहू आणि कुठून लिहू.

ट्रॅकवर सकाळी पोचलो. धावपट्टीवर शंकू मांडून वळणं आखलेली. साडूची लाल आधीच उभी, भोवती चार टाळकी. माझं वासरू बघून तो म्हणाला, "मास्तर, याला गोचीड-बिचीड नाही ना?" सगळे हसले. मी हसलो नाही. ही हसली. थोडीशीच, पण मी बघितलं.

मग माझी पाळी. मी शिस्तीत चालवली. आरसा, सिग्नल, मग वळण. तिसऱ्या वळणावर झेंडेवाल्याने हातवारे करून मला बाजूला घेतलं. वाटलं, काही गळतंय. तो खिडकीत वाकून म्हणाला, "साहेब, कुठे वळणार आहात?"

"म्हणजे?"

"नाही, प्रत्येक वळणाला इंडिकेटर देताय, म्हणून विचारलं. इथे रस्ता एकच आहे."

दुपारपर्यंत हे सगळ्या ट्रॅकभर झालं होतं. साडूने ते तीनदा सांगितलं, दर वेळी माझा आवाज काढून. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वेळ लावली तर साडूहून कितीतरी जास्त. नवी गाडी पळणारच, त्यात काय मर्दुमकी?

मग ही म्हणाली, "मी एक फेरी मारू?" मी बाजूला बसलो. हेल्मेटमध्ये तिचा चेहरा दिसत नव्हता, पण ती स्वतःशीच पुटपुटत होती ते ऐकू येत होतं : श्वास घ्या, रोखून धरा, सोडा. सरळ रस्त्यावर ब्रेक, मग वळणभर पाय एका जागी धरून ठेवायची, आणि बाहेर पडताना सोडायची. पहिली दोन वळणं बरी गेली. तिसऱ्या वळणात ती इतक्या वेगाने शिरली की माझ्या तोंडचं पाणी पळालं. वळणाच्या मध्यावर मागच्या टायरांनी दगा दिला, वासराने ढुंगण फिरवलं, आणि आम्ही दोन गिरक्या घेऊन गवतात. नवे टायर! दुकानदाराला जाब विचारायला हवा.

ती ओरडली होती, "पाय काढ!" स्वतःच्याच पायाला ओरडली असावी. मला ती अहोजाहो करते.

गवतात गाडी थांबल्यावर ती बराच वेळ स्टेअरिंग धरून बसून राहिली. मी म्हणालो, "लागलं नाही ना? हे बघ, पहिल्या वेळी होतं असं. म्हणून मी म्हणत होतो, हळू." तिने हेल्मेट काढलं नाही.

आणि मग जे झालं ते झालं. साडू धावत आला, भलतीच काळजी दाखवली आणि म्हणाला, "माझी चालव. भीती बसायला नको. ही घे किल्ली." आणि हिने घेतली. माझ्याकडे न बघता घेतली. एकटीच गेली. चार फेऱ्या मारल्या आणि चौथीला साडूहून दोन सेकंद कमी वेळ आली. उतरली तेव्हा ते हसणं होतं तोंडावर. दोन गल्ल्यांपलीकडचं.

त्याच्या गाडीतून उतरताना.

२९ जानेवारी, सोमवार

आज शिकवणीला एकाने विचारलं, सर तुम्ही ट्रॅकवर गेला होतात म्हणे? वळणाला हात दाखवलात म्हणे? गावभर झालंय.

ही नेहमीसारखी कामावर गेली. डबा मला भरून दिला. डब्यात काही वावगं नव्हतं. पण तिने तो माझ्या हातात न देता टेबलावर ठेवला.

३१ जानेवारी, बुधवार

मी दारात आलो तेव्हा ती फोनवर बोलत होती. "भावोजी, पुढच्या वेळी पण द्याल का?" मग थोडं थांबून, "ताईला विचारायचं कशाला त्यात?" मग माझी चाहूल लागली तशी "ठेवते हं."

मी विचारलं नाही. विचारणं माझ्या स्वभावात नाही. फक्त भांडी जरा जोरात ठेवली.

माणसाने कुठवर सहन करायचं? त्याच्याकडे लाल गाडी आहे, दोन दुकानं आहेत, केस आहेत. माझ्याकडे ही होती. तिलाही आता त्याचीच गाडी हवी. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसा तो रविवारी माझ्याशी गोडगोड बोलत होता, हे आत्ता आठवतंय. मी जळतोय, इथे लिहितो, दुसरीकडे कुठे लिहिणार? लाकडासारखा जळतोय.

४ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा साडूकडे जेवण. जायचं नव्हतं, पण ही एकटी गेली असती, म्हणून गेलो.

जेवणानंतर त्याने ट्रॅकवर घेतलेलं चित्रण मोठ्या टीव्हीवर लावलं. आधी त्याची स्वतःची फेरी, दोनदा. मग माझा इंडिकेटर, संथ गतीत. मेहुणी म्हणाली, "पुरे हो," पण हसत म्हणाली. आणि मग वासरू आलं, ही चालवत असलेलं. मागून दिसत होतं. वळणात शिरलं छान, टेकलेलं, एका रेषेत. आणि मध्यावर मागचे दोन्ही दिवे लालभडक लागले.

साडूने तिथेच थांबवलं. "हे बघा! वळणात ब्रेक! आणि कोणी मारला? मास्तरांच्या बायकोने! काय हो मास्तर, भिंतीवर लिहून ठेवलंय म्हणे, घरी नाही शिकवलं? दिव्याखाली अंधार तो हाच!"

सगळे हसले. टीव्हीवर ते दोन लाल दिवे तसेच जळत होते. ही ताईच्या हातातली भांडी घेत होती. तिने वर बघितलं नाही. म्हणाली, "चुकलं माझं, भावोजी."

मी त्या दिव्यांकडे बघत होतो. ब्रेकवर पाय पडल्याशिवाय ते दिवे लागत नाहीत. हिचा पाय मी त्या दिवशी बघितला होता, बघणं हा माझा धंदाच आहे. तो वेगाच्या पेडलवर होता, जिथे असायला हवा तिथे, न हलता.

मग पाय कोणाचा होता?

तोंड उघडायला मला जागा होती. साडू समोर होता, मेहुणी होती, ही होती. मी पाणी मागितलं.

५ फेब्रुवारी, सोमवार

आज शिकवणीत दिवसभर माझ्या पायावर लक्ष ठेवलं. पाय माझं ऐकत नाही. विद्यार्थी अजून विचारात असतो तोवर हा दाबूनही झालेला असतो. एक बाई छान चालवत होत्या, समोर काहीही नव्हतं, तरी गाडी मंदावली. त्या म्हणाल्या, "सर, माझ्याकडून परत गाडी मरतेय का?" किती वर्षं मी लोकांना म्हणत आलोय, तुमचा पाय जड आहे.

लोकांचं कुसळ दिसतं, आपलं मुसळ नाही. पेडल तर भलं मोठं होतं.

आणि "पाय काढ" ती मलाच म्हणाली होती.

तिला ठाऊक होतं. गवतात बसली होती तेव्हाच ठाऊक होतं. काल सगळ्यांसमोर ठाऊक होतं.

१० फेब्रुवारी, शनिवार

मेहुणीचा फोन आला, हिच्यासाठी होता, ही घरी नव्हती म्हणून मी उचलला. बोलता बोलता म्हणाली, "तिला सांगा, मनावर घेऊ नको. ह्यांनी गाडी द्यायला नाही म्हटलं ना, ते क्लचचं कारण खोटं आहे. तिची वेळ ह्यांच्याहून कमी आली, तेव्हापासून घरात धुसफूस आहे. परवा पहाटे उठून गाडी पुसत होते आणि म्हणाले, तिने गरम करून ठेवली."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! साडूचाही जळफळाट होतो! माझ्या बायकोमुळे होतो! मी खुर्चीवरून उठून खोलीभर फिरलो. एक मिनिटभर मी जगातला सर्वांत सुखी माणूस होतो.

मग लक्षात आलं की आम्ही दोघंही एकाच रांगेत उभे आहोत, तो आणि मी. त्याने किल्ली काढून घेतली, आणि मी तर किल्ली न काढताच.

ही आल्यावर निरोप दिला. ती म्हणाली, "हो, कळलं." चपला जागेवर ठेवल्या. "वासरू विकून टाका तुम्ही. पैसे शिकवणीच्या गाडीला लावा."

"आणि ट्रॅक?"

"मला नाही जायचं. हिला आवड नाही म्हणून सांगा, तसंही तुम्ही सगळ्यांना सांगताच की."

रागावली असती तर बरं झालं असतं. ती भाजी चिरायला बसली आणि मला समोरचा पेपर वाचता येईना.

१७ फेब्रुवारी, शनिवार

वासरू बघायला एक जण आला होता. सुतार आहे, फळ्या वाहायला हवी होती. भाव मान्य केला. मी म्हटलं, विकायची नाही. तो म्हणाला, मग बोलावलंत कशाला? चहा पाजून पाठवलं.

२४ फेब्रुवारी, शनिवार

दुसरा ब्रेक काढला. गॅरेजात नेलं नाही, स्वतः काढला. सीटखाली उलटा पडून, मान मोडेपर्यंत. ही खिडकीतून बघत होती. खाली आली नाही, पण दिवा बाहेर आणून ठेवला.

जेवताना म्हणालो, "उद्या जाऊ."

"कोण चालवणार?"

"तू."

"आणि तुम्ही?"

"तू म्हणशील तर बाजूला बसेन. नाही म्हणालीस तर झेंडेवाल्याजवळ उभा राहीन."

तिने आधी माझ्या ताटात भाजी वाढली. मग म्हणाली, "बसा."

२५ फेब्रुवारी, रविवार

ट्रॅकवर वासरू नेलं तेव्हा साडू चार लोकांत उभा होता. आज त्याचं बोलणं जरा कमी होतं. तरी म्हणाला, "ब्रेक बघून घ्या हं मास्तर, आज वळणात लागायला नकोत." ही हेल्मेट चढवत होती, तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मी बाजूला बसलो. पेडल नव्हतं, पण पायाला ते कुठे ठाऊक? गाडी सुरू झाली तशी तळपाय खाली दाबायला लागला. पहिलं वळण यायच्या आधी मी पाय वर ओढून घेतले आणि सीटवर सरळ मांडी घालून बसलो, पंगतीला बसावं तसा. गुडघा दाराला, पट्टा छातीवर, हात मांडीवर.

"हे काय?" ती म्हणाली.

"तू समोर बघ."

श्वास घ्या. रोखून धरा. तिसरं वळण आलं, तेच. ती त्याच वेगाने शिरली. माझ्या मांडीखाली दोन्ही पाय तडफडत होते, पण त्यांना जमीनच नव्हती. मागची चाकं किंचित सरकली, तिने स्टेअरिंग बोटभर परत दिलं, वासराने ढुशी मारली आणि आम्ही बाहेर होतो, सरळ रस्त्यावर. आणि ती हसली. हेल्मेटमध्ये, घसा मोकळा सोडून, माझ्या कानाशी. मी घाबरलो होतो, पायांना मुंग्या आल्या होत्या, आणि तिला सांगावंसं वाटत होतं की पुन्हा हस.

गाडी थांबली तेव्हा वेळ सांगायला झेंडेवाला आला. माझ्यापेक्षा पुष्कळ कमी. या खोक्यात, गोठ्याच्या वासात, साडूच्या लाल गाडीच्या अगदी जवळ. मला हेवा वाटला. आता खोटं लिहायचंच नाही म्हटल्यावर हेही लिहितो.

ती उतरली. मला उतरता येईना. दोन्ही पाय बधिर. साडू आला, खिडकीत वाकला, मागे त्याची ती चार टाळकी. "काय मास्तर, घाबरून पाय गळाले? मी म्हणतो ना, वळणात ब्रेक मारणाऱ्या बाईच्या बाजूला बसायचं म्हणजे…"

पळून जाता आलं असतं तर मी गेलो असतो. पायच नव्हते.

"ब्रेक मी मारला होता," मी म्हणालो.

"अं?"

"मागच्या वेळी. गाडीला दुसरा ब्रेक होता, माझ्या बाजूला. तो मी दाबला. ती बरोबर चालवत होती. मी दाबला म्हणून गिरक्या खाल्ल्या." आणि मग, कुणी विचारलं नव्हतं तरी, "आणि तुमच्यापेक्षा दोन सेकंद लवकर आली होती ती, ते टीव्हीवर दाखवायचं राहिलं."

साडू उभा राहिला, इकडेतिकडे बघितलं आणि गाडीच्या टपावर उगाच एक थाप मारली. टाळक्यांतलं एक हसलं, कोणाला ते कळलं नाही. मी माझे पाय चोळत बसलो. बरं वाटायला हवं होतं, पण मला घाम फुटला होता.

ही वळसा घालून माझ्या बाजूला आली, दार उघडलं, हात दिला. पाय जरा माणसात आल्यावर किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. "आता तुम्ही. मी बसते बाजूला."

मी चालवली. ती बाजूला, हात मांडीवर, पाय सैल सोडलेले. मी चोरून बघितलं, खरंच सैल होते. माझा वेग तिच्या निम्मा असेल, रेषा वाकडी, मागून लोक येऊन पुढे जात होते. पहिल्या वळणाला माझ्या हाताने इंडिकेटर दिला. टिक टिक टिक, हेल्मेटमधूनसुद्धा ऐकू येत होतं.

ती काही बोलली नाही. दुसऱ्यालाही नाही, तिसऱ्यालाही नाही. समोर बघत बसून राहिली, फिरायला निघालेल्या बाईसारखी.

साडूच्या गाडीचा हेवा आता वाटत नाही. तिच्या वेळेचाही पचेल हळूहळू. पण असं बाजूला बसता येणं तिला कुठून जमतं, ते मात्र मला हवंय.

वासरू विकत नाही.